ओटा, कणीक आणि कंबर

डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बाईची कंबर दुखते, यात बातमी अशी काही नाही. पहाटे उठायचं, परातभर कणीक मळायची, दुपारपर्यंत तव्यासमोर उभं राहायचं आणि संध्याकाळी लोकलमधून उतरलेल्या गिऱ्हाइकांची रांग सांभाळायची. आमच्या धंद्यात पन्नाशीपर्यंत जिची कंबर एकदाही धरली नाही, अशी बाई मला भेटलेली नाही. माझी धरली पंचेचाळिशीच्या आसपास. आधी नुसती कंबर. मग डाव्या कुल्ल्यापासून मांडी, पोटरी करत थेट पायाच्या अंगठ्यात जाणारी कळ. एमआरआय झाला. एका सर्जननी ऑपरेशन सुचवलं, दुसरे म्हणाले, "थोडे महिने थांबून बघू." मी दुसऱ्यांचं ऐकलं.

कंबर ठणठणीत झाली असं मी म्हणणार नाही. थंडीत कुरकुरते, गणपतीत भांडते. पण केंद्र चालू आहे आणि मी अजून स्वतः पोळ्या लाटते. गिऱ्हाइकं विचारतात, "काकू, नेमकं काय केलंत?" डबा हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला एका वाक्यात ते सांगता येत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. वाचायची सवय आहे, आणि आमच्या फिजिओच्या मॅडमनी माझ्या शंकांना न कंटाळता कुठलं संशोधन काय सांगतं ते समजावलं. त्यातलं जे ओट्यापाशी उपयोगी पडलं, तेवढंच इथे आहे.

१. अहवालाची पत्रिका करू नका

अहवालात लिहिलं होतं की एल-५ आणि एस-१ यांच्यामधली चकती बरीच मागे आली आहे, एल-४ आणि एल-५ यांच्यामधली थोडी, आणि बाकी ठिकाणी झीज. जाऊबाईंनी तो कागद वाचला आणि त्या दिवसापासून मला पाण्याचा तांब्याही उचलू देईनात. शेजारीपाजारी ‘हिच्या मणक्यात गॅप आलाय’ हे पसरलं. प्रत्येकाकडे कुणाची ना कुणाची गोष्ट तयार होती, आणि त्या गोष्टीतला माणूस शेवटी हमखास अंथरुणाला खिळलेला.

१९९४ साली अमेरिकेत, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय तपासले गेले. त्यातल्या ५२ टक्के लोकांच्या निदान एका चकतीला फुगवटा होता. सगळ्याच्या सगळ्या चकत्या नीट असलेले निघाले फक्त ३६ टक्के. २०१५ मध्ये अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. काहीच त्रास नसलेल्या विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या चकत्यांत झीज दिसते, पन्नाशीतल्या ८० टक्क्यांच्या. तेव्हा ‘झीज’ वाचून घाबरायचंच असेल, तर निम्म्या डोंबिवलीने घाबरायला हवं.

म्हणून अहवाल टाकाऊ ठरत नाही. चांगला डॉक्टर तो कागद तुमच्या पायाशी ताडून बघतो. माझ्या डॉक्टरांनी दोन्ही पायांचे अंगठे दाबून धरले आणि "आता वर उचला" म्हणाले. डावा जरा कमी पडला. कळ अंगठ्यात जाते, अंगठाच कमजोर आहे, म्हणजे ही एल-५ नस, आणि तिला त्रास देणारी वरची चकती. कागदावर मोठी दिसणारी खालची चकती बिचारी गप्प होती! पायाला हातही न लावता नुसत्या फोटोवरून ऑपरेशनची तारीख देणाऱ्याकडे परत जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

आणखी एक गोष्ट मला कुणी सुरुवातीला सांगितली नव्हती. चकतीचा बाहेर आलेला भाग शरीर हळूहळू स्वतःच शोषून घेतं. तेही उलट्या न्यायाने: तुकडा पूर्ण सुटला असेल तर तो आक्रसण्याची शक्यता सगळ्यात जास्त, नुसता फुगवटा असेल तर सगळ्यात कमी. २०१५ च्या एका आढाव्यात हे प्रमाण ९६ टक्के आणि १३ टक्के असं आलं. सुटलेल्या तुकड्याला शरीर परका समजतं आणि पेशी त्याच्यावर तुटून पडतात.

२. किती दुखतंय यापेक्षा कुठपर्यंत दुखतंय ते बघा

मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काकू, दहापैकी किती दुखतंय ते राहू द्या. कळ आज कुठपर्यंत गेली तेवढं सांगा." अंगठ्यापर्यंत जाणारी कळ पोटरीत थांबायला लागली, मग मांडीत, मग नुसत्या कुल्ल्यात, तर गाडी रुळावर येते आहे. या काळात खुद्द कंबर जास्त दुखू शकते. बहुतेक बायका इथेच घाबरून सगळं सोडून देतात.

या निरीक्षणामागे न्यूझीलंडची एक गोष्ट आहे. १९५६ साली वेलिंग्टनमध्ये रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे पायात कळ येणारा एक रुग्ण आला. त्यांनी त्याला आत जाऊन पालथं झोपायला सांगितलं आणि ते दुसऱ्या कामात अडकले. आधीच्या रुग्णासाठी खाटेची डोक्याकडची बाजू उचललेली होती, ती तशीच राहिलेली. हा माणूस तसाच, पाठ मागे वाकवून पडून राहिला. मॅकेन्झी परत आले, बघून हादरले, आणि तो म्हणाला, पायाची कळ गेली. त्यातून पुढे त्यांची सगळी पद्धत उभी राहिली. आपण त्याला अर्धं भुजंगासन म्हणू शकतो: पालथं झोपायचं, मग कोपरांवर यायचं, मग जमेल तसं हातांवर. मला त्याने फरक पडला.

सासूबाईंना मात्र हेच आसन सोसलं नाही. त्यांचं दुखणं वेगळं. बाजारात थोडं चाललं की पाय भरून येतात, बसलं किंवा भाजीच्या गाडीवर पुढे रेललं की मोकळं वाटतं. वयाने मणक्यातली नसांची वाट अरुंद झाली की असं होतं, आणि त्यात मागे वाकणं त्रासाचं, पुढे वाकणं सुखाचं. एकाच घरात, एकाच कंबरेसाठी, दोन उलटी औषधं. म्हणून शेजारणीचा व्यायाम उचलू नका, माझाही नाही. आधी कुणाकडून तरी तपासून घ्या.

३. पडून राहू नका

उसण भरली त्या दिवशी पडावंच लागतं, त्याला इलाज नाही. उताणं झोपून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवल्या की मला बरं वाटायचं. पण तासा-दोन तासांनी उठून घरातल्या घरात फेरी. १९९५ साली हेलसिंकी शहराच्या नोकरदारांवर झालेला एक अभ्यास मॅडमनी दाखवला होता. कंबर धरलेल्यांचे तीन गट केले: एकाला दोन दिवस अंथरुणात विश्रांती, दुसऱ्याला व्यायाम, तिसऱ्याला सांगितलं की झेपेल तसं रोजचं काम चालू ठेवा. लवकर सावरला तो तिसरा गट. विश्रांतीवाले सगळ्यात मागे.

घरच्यांना हे पटवणं कंबरेपेक्षा अवघड. आपल्याकडे माया म्हणजे "तू नको उठूस."

४. उठल्यावरचा पहिला तास वाकायचं नाही

हा नियम फुकट आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. रात्रभर आडवं असताना चकत्या पाणी ओढून घेतात आणि फुगतात, म्हणून सकाळी आपली उंचीसुद्धा किंचित जास्त भरते. त्या फुगलेल्या, ताठ चकत्यांवर वाकण्याचा ताण जास्त येतो. १९९८ च्या एका अभ्यासात जुनी कंबरदुखी असलेल्यांना एवढंच शिकवलं की सकाळी वाकणं टाळा, आणि त्यांचं दुखणं कमी झालं.

आता आपल्या बायकांची सकाळ आठवा. केरसुणीने केर, लादी पुसणं, दारात रांगोळी, बादलीतलं धुणं. सगळं पहिल्या तासात, सगळं वाकून. मी क्रम उलटा केला. उठल्यावर उभ्याने होणारी कामं: चहा, भाजी चिरणं, फोडण्या, डबे लावणं. केर उजाडल्यावर, तोही लांब दांड्याच्या झाडूने. रांगोळी आता सून काढते, आणि माझ्यापेक्षा चांगली काढते.

५. ओटा तुमच्या मापाचा करा

ओटा बांधणारा गवंडी बाईची उंची विचारत नाही. आमच्या केंद्रात सगळ्यात उंच बाई आणि सगळ्यात बुटकी बाई यांच्यात चांगला वीतभर फरक आहे, आणि दोघी एकाच ओट्यावर राबत होत्या. उंच बाई दिवसभर पाठीत वाकलेली, बुटकी खांदे उचलून लाटत असलेली. एकीची कंबर गेली, दुसरीची मान.

काम कुठल्या उंचीवर व्हावं याचं साधं माप आपलं कोपर आहे. हात सरळ सोडून कोपरात काटकोन करा. पोळी लाटण्यासारखं हलकं काम कोपराच्या चार बोटं खाली हवं. कणीक मळताना अंगाचा भार टाकायचा असतो, म्हणून ते काम आणखी खाली, कोपराच्या वीतभर खाली. एकाच उंचीवर दोन्ही कामं नीट होत नाहीत. मी मळण्यासाठी एक बसकं, मजबूत लाकडी टेबल सुताराकडून करून घेतलं, ते ओट्यापेक्षा ठेंगणं आहे. बुटक्या मावशींना उभं राहायला पाटासारखी फळी दिली. उंच बाईच्या पोळपाटाखाली जाड फळी ठोकली. सगळा खर्च एका एमआरआयच्या निम्म्याहून कमी.

उभ्याने काम करणाऱ्या प्रत्येकीने करून बघावी अशी दुसरी युक्ती म्हणजे पायाखाली छोटा पाट. एक पाय त्यावर, एक जमिनीवर, थोड्या वेळाने अदलाबदल. कंबरेचा बाक सैलावतो. तव्यासमोर मी ते केल्याशिवाय उभीच राहत नाही. आमच्याकडे नवीन आलेल्या मुली आधी हसतात, आणि महिनाभराने स्वतःचा पाट मागतात.

मग वजनं. पूर्वी गिरणीतून पिठाची अख्खी गोणी यायची आणि दोघी मिळून ती ओढायचो. आता गिरणीवाल्याला सांगून पीठ दहा-दहा किलोच्या पिशव्यांत घेते. त्याने कटकट केली, पण नेहमीचं गिऱ्हाईक कोण सोडतो? व्यवसायाच्या सिलिंडरमध्ये नुसता गॅसच १९ किलो असतो, वर टाकीचं वजन. तो जागेवर लावून दिल्याशिवाय मी पावती सही करत नाही. स्वीडनच्या संशोधकांनी साठच्या दशकात माणसांच्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला होता. वाकून वजन उचललं की तो कितीतरी पटींनी वाढतो. ते वाचल्यावर सिलिंडर कलवून नाचवत नेण्याचा माझा अभिमान गेला.

वाकण्याची पद्धत मी धुणं वाळत घालायच्या काठीवर शिकले. काठी पाठीमागे उभी धरायची. डोक्याचा मागचा भाग, दोन खांद्यांमधली पाठ आणि माकडहाड, या तीन ठिकाणी ती टेकली पाहिजे. मग गुडघे किंचित मोडून कुल्ले मागे नेत पुढे झुकायचं. तिन्हीपैकी एका जागेवरून जरी काठी सुटली, तर आपण खुब्यात न वाकता कंबरेत वाकलो. पहिल्यांदा केलं तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं मी खुबे वापरतच नव्हते. आता पिंपातून पीठ काढताना काठीची गरज लागत नाही.

६. व्यायाम थोडा, पण रोज

तीनच करते. पहिला: उताणं झोपून एक गुडघा मोडायचा, दोन्ही तळहात कंबरेच्या पोकळीखाली, आणि डोकं-खांदे जमिनीवरून जेमतेम उचलायचे. दुसरा: कुशीवर, कोपर आणि गुडघे टेकवून कंबर वर. तिसरा: रांगायच्या स्थितीत उजवा हात आणि डावा पाय एकाच वेळी सरळ, मग उलट. कॅनडाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी हे तीन प्रसिद्ध केले. त्यांची शिकवण अशी की एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. जोर वाढला की सेकंद न वाढवता वेळा वाढवा. माझे तीनही प्रकार कुकर होईपर्यंत उरकतात.

योग केला तर चालतो का? चालतो. अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत जुन्या कंबरदुखीसाठी औषधांच्या आधी व्यायाम, योग, ताई-ची अशा गोष्टी सुचवल्या आहेत. आपल्याकडे तर पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी दोर, पट्टे, खुर्च्या, लाकडी ठोकळे वापरून दुखणाऱ्या माणसालाही आसन जमावं अशी सोय करून ठेवली. फक्त वर्गात पहिल्याच आठवड्यात पश्चिमोत्तानासन करायला लावणारा शिक्षक असेल, आणि तुमची कळ पायात जात असेल, तर तोंड उघडून ‘मला नको’ म्हणा. बाकी कुठल्या एका प्रकाराने इतरांना फार मागे टाकल्याचं दिसत नाही. जो तुम्ही पुढच्या वर्षीही करत असाल तो चांगला.

७. चाला

ऑस्ट्रेलियात २०२४ साली ७०१ जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळे नुकतेच कंबरदुखीतून उठलेले. निम्म्यांना हळूहळू वाढवत नेणारा चालण्याचा कार्यक्रम आणि थोडं मार्गदर्शन दिलं, उरलेल्यांना काहीच नाही. चालणाऱ्यांची कंबर पुन्हा धरायला मधला काळ २०८ दिवस लागला, न चालणाऱ्यांची ११२ दिवसांत धरली. फुकटच्या औषधाला एवढा गुण पुष्कळ झाला.

मी स्टेशनपर्यंत डबे द्यायला पायी जाते. शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या कुल्ल्यावर लटकत, खड्ड्यांतून जाण्यापेक्षा ते बरं. डबे दोन पिशव्यांत, दोन्ही हातांत सारखे.

८. चांगला दिवस जास्त धोक्याचा

वाईट दिवशी माणूस आपोआप जपतो. कंबर मोकळी वाटते त्या दिवशी राहिलेली सगळी कामं एकदम अंगावर घेतो, आणि पुढचे चार दिवस झोपतो. मग पुन्हा चांगला दिवस, पुन्हा तेच. जुन्या दुखण्याचं हे चक्र फार लोकांना कळतच नाही. ते म्हणतात, "काही कारण नसताना धरली हो." कारण परवाचं असतं.

आमच्याकडे ही परीक्षा गणपतीत असते. उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी येतात. उकड गरम असतानाच मळायला लागते, कळ्या पाडायला जमिनीवर बसून मान घालून तासन्‌तास. आम्ही पाळी बांधली: अर्धा तास कळ्या, मग उठून मोदकपात्राकडे, मग डबे भरणं, पुन्हा कळ्या. घड्याळ लावून, ‘एवढे चार झाले की उठते’ हे बंद. चौथा मोदक कधीच शेवटचा नसतो. ऑर्डरी किती घ्यायच्या तेही आता श्रावणातच ठरवते आणि भरल्या की नाही म्हणते. नाही म्हणायला मला कंबरेने शिकवलं, धंद्याने नाही.

वाईट दिवसाचाही नियम आहे. काम निम्म्यावर आणायचं, शून्यावर नाही. चालणं बाजारापर्यंत नाही जमलं तर जिन्यापर्यंत. सुरुवातीला रांगायच्या स्थितीतला व्यायाम करताना कंबर दुखली की मी थांबायचे. मॅडम म्हणाल्या, "काकू, दुखतंय म्हणजे तुटतंय असं नाही. रात्रीपर्यंत नेहमीसारखं झालं, कळ खाली उतरली नाही, तर उद्या पुन्हा करा." सगळ्या उपचारात या वाक्याने मला सगळ्यात जास्त पुढे नेलं. कंबर जपून ठेवायची वस्तू आहे, हा समज त्याने गेला. ती वापरायचीच आहे, फक्त मोजून.

९. गोळ्या, पट्टे, तेलं आणि पायाळू

गोळ्यांवर माझा राग नाही. कळ इतकी असते की चालणंच होत नाही, तेव्हा थोडे दिवस सुजेवरची गोळी, डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर. पण रक्तदाब, मूत्रपिंड किंवा आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी या गोळ्या चण्यांसारख्या खाऊ नयेत. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातच दिसलं की नव्या कंबरदुखीत पॅरासिटामॉलने नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा लवकर बरं वाटत नाही. नसेच्या कळेसाठी सर्रास लिहून देतात त्या प्रीगॅबलिनचंही २०१७ च्या एका चाचणीत तसंच झालं, वर चक्कर जास्त. कुणाच्या गावाहून येणारी, तासाभरात गुण देणारी पुडी मात्र कधीच घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड निघाल्याची उदाहरणं कमी नाहीत, आणि वर्षानुवर्षं स्टेरॉइड खाल्लं की हाडंच ठिसूळ होतात.

कंबरपट्टा मी वापरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शनात जुन्या कंबरदुखीसाठी पट्टे आणि वजन लावून ओढण्याचा ट्रॅक्शन, दोन्ही नको असंच म्हटलंय. गरम पाण्याची पिशवी मात्र माझी रोजची. शेकाने चकती जागेवर जात नाही. आखडलेले स्नायू सैल होतात आणि झोप लागते, तेवढं मला पुरे. तेल लावून घ्या, कटिबस्ती आवडत असेल तर करा, पण त्यानंतर उठून चाला.

पायाळूचंही सांगते, कारण प्रत्येक जण विचारतो. उसण भरली की पायाकडून जन्मलेल्या माणसाचा पाय कंबरेला लावून घेतात. आमच्या चाळीत एक पायाळू मुलगी होती, सकाळी तिच्या दारात म्हातारे कोतारे उभे असायचे. तिने माझ्याही कंबरेला पाय लावलाय. उसण बहुधा काही दिवसांत आपली आपणच उतरते, आणि श्रेय त्या आठवड्यात ज्याचा पाय लागला त्याला. निदान पायाळू पैसे घेत नाही आणि सुरीही चालवत नाही.

१०. गादी

"फरशीवर झोप" म्हणणाऱ्यांसाठी: स्पेनमध्ये २००३ साली ३१३ जणांना कडक किंवा मध्यम कडक गाद्या दिल्या. मध्यम गादीवाल्यांची कंबर जास्त सुधारली. मी कापसाची गादी पिंजून घेतली. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांत उशी.

११. घरातली काळजी कंबरेत उतरते

केंद्राची जागा सोडण्याची नोटीस आली तेव्हा माझी कंबर महिनाभर सरळ झाली नाही. ना काही उचललं होतं, ना वाकले होते. नवीन जागेचा करार झाला आणि कळ मांडीवर आली. स्कॉटलंडचे अस्थिशल्यविशारद गॉर्डन वॉडेल यांनी १९९८ साली पाठदुखीवर जाड पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी हेच मांडलं की कंबरदुखीत शरीर, मन आणि भोवतालची माणसं यांना सुटं करता येत नाही. माझं दुखणं खोटं, मनाचं, असा त्याचा अर्थ होत नाही. नस खरोखर दुखत असते. पण झोप नसेल, काळजी असेल, तर तेवढ्याच दाबाने दुप्पट दुखतं. जगात २०२० साली ६१ कोटी ९० लाख लोकांची कंबर दुखत होती, असं जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा सांगतो. ते वाचून का कोण जाणे, मला जरा बरं वाटलं.

१२. ऑपरेशन शत्रू नाही

मी केलं नाही म्हणून कुणीच करू नये, असं हा लेख वाचून कुणी ठरवलं तर मला वाईट वाटेल. २००७ साली नेदरलँड्समध्ये पायात तीव्र कळ असलेल्या २८३ जणांचे दोन गट केले. एकाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला थांबवून उपचार. वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे. ऑपरेशनवाले लवकर बरे झाले. आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना शेवटी ऑपरेशन करावंच लागलं. म्हणजे पायाच्या कळेसाठी ऑपरेशन वेळ वाचवतं. तो वेळ तुमच्याकडे आहे का, कळ सोसवते का, पोटापाण्याचं काय, हे तुमचं तुम्ही ठरवायचं. पाय सोडून नुसती कंबर दुखत असेल, तर ऑपरेशनच्या नावाने दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय हलू नका.

माझ्या धाकट्या दिरांनी ऑपरेशन केलं आणि योग्य केलं. चालताना त्यांच्या उजव्या पायातली चप्पल निसटायची, त्यांना कळायचंही नाही. पाऊल वर उचलायची ताकद जात होती. त्यात थांबायचं नसतं.

तेव्हा वरचं सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. पाऊल लुळं पडत चाललं, दोन्ही पायांची ताकद कमी होत गेली; ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं यांच्यासोबत कंबर दुखते, जे आपल्याकडे मणक्याच्या क्षयरोगाचंही लक्षण असू शकतं; पूर्वी कर्करोग झालेला आहे किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं; तरुण वयात सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ कंबर ताठ राहते आणि हालचालीने मोकळी होते; यातलं काहीही असेल तर व्यायाम नंतर, डॉक्टर आधी. आणि लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधली बसायची जागा बधिर झाली, तर घरच्यांना उठवा आणि त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठा. सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका.